प्लास्टरचे शंख

नदीच्या ऐन मधोमध एक माणूस भलाथोरला दगड छातीशी कवटाळून उभा होता... आणि काही केल्या हलत नव्हता.

सायोरी काठावरच थांबली. मे महिना संपत आला होता, पण डोंगरावरचं बर्फ अजून वितळतच होतं. पाणी इतकं गार, की हात घातला तर बोटं स्वतःची वाटू नयेत. येत्या रविवारी मुलांना आणायचं म्हणून ती काठ तपासायला आली होती. कुठे दरड सैल झालीय का, चिखलात अस्वलाचे ठसे आहेत का. अस्वलं दूर राहावीत म्हणून कमरेला बांधलेली तिची घंटा किणकिणली तशी त्या माणसाने मान वळवली. तिशीचा असेल. केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण तिथे अगदी ठरवूनच उभे आहोत.

"पाय अडकलाय का?" तिने विचारलं.

"नाही. विचार करतोय."

"कसला?"

"पाय कसा सोडवायचा, त्याचा."

सायोरीने हसू दाबलं. "आधी तो दगड टाका."

"तो नाही टाकणार. त्यात अमोनाइट आहे."

कोट्यवधी वर्षांपूर्वी कुरिनाइचे हे डोंगर समुद्राच्या तळाशी होते आणि त्या समुद्रात वेटोळ्या शंखांचे अमोनाइट पोहत होते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण कुठल्या दगडात ते सापडतात हे ओळखायला मात्र डोळा लागतो. सायोरी गमबुटांनी पाणी कापत त्याच्याजवळ गेली, हातोडीने तिने त्या दगडावर एकदा टकटक केलं आणि मान हलवली. तो ज्वालामुखीतून आलेला दगड होता. त्यात अमोनाइट तर सोडाच, साधी शिंपली निघाली असती तरी नवल.

"न फोडता कसं सांगता?" तो म्हणाला.

"तुम्ही न फोडताच मिठी मारलीत ना?"

तो तिच्याकडे बघत राहिला, मग दगडाकडे, आणि मग जड मनाने त्याने दगड सोडून दिला. दोघंही नखशिखांत भिजली. तिने हात धरून त्याला ओढलं, तेव्हा तो आला. पण त्याचा बूट नाही आला. बूट सुटून वर तरंगला, सावकाश वळणापर्यंत गेला आणि दिसेनासा झाला. दोघांनी तो जाताना बघितला... का कोण जाणे, दोघांनाही एकदमच हसू फुटलं.

त्याचं नाव ताकुमा. साप्पोरोहून आला होता. सायोरीने त्याला खरा गोटा कसा ओळखायचा ते दाखवलं — राखाडी, गुळगुळीत, दिसतो त्याहून जड, आणि ठोकला की भांड्यासारखा वाजणारा. दगड फोडताना घालायचा आपला चष्मा काढून त्याच्या डोळ्यांवर चढवला, हातोडीची मूठ शेवटाला धरायला शिकवली. पहिला गोटा रिकामा निघाला. दुसऱ्यात अंगठ्याच्या नखाएवढा एक तुकडा होता. पण त्यावरच्या बारीक बारीक कडा स्वच्छ दिसत होत्या. तो तुकडा हातात घेऊन ताकुमा इतका वेळ न्याहाळत राहिला, की सायोरीला त्याच्या पापण्यांवरचं पाणी दिसायला लागलं. नदीचंच असावं.

"मी हे बनवतो," तो शेवटी म्हणाला. "प्लास्टरचे. संग्रहालयांसाठी. आयुष्य गेलं बनवण्यात, पण खरा असा दगडातून बाहेर येताना आज पहिल्यांदा पाहिला."

कुरिनाइच्या संग्रहालयासाठीच आलोय, तो उत्साहाने सांगत होता. आत मोठा वाळूचा हौद करायचाय, त्यात प्लास्टरचे शंख पुरायचे, म्हणजे मुलं आतल्या आतच खोदतील. आता नदीवरच्या सहली बंद होणार ना, म्हणून... आणि इथे त्याची नजर तिच्या चेहऱ्याकडे गेली.

"तुम्हाला... सांगितलं नव्हतं कुणी?"

नदीवरच्या सहली सायोरीच्या होत्या. संग्रहालयात नोकरीला लागल्यापासून दर रविवारी तीच मुलांना इथे आणत होती.

"हातोडी द्या," ती म्हणाली. त्याने दिली. "चष्मा." तोही दिला.

ती तडक निघाली. काठ चढून गेली, थांबली, परत आली, पिशवीतल्या रबरी चपला काढून त्याच्यापुढे टाकल्या. "काचा असतात वाटेत," एवढंच बोलली आणि आधीपेक्षा जास्त रागाने चालू लागली.

संग्रहालयाचे प्रमुख उमेनो सर वाईट माणूस नव्हते. गेल्या उन्हाळ्यात एका मुलाने हातोडी स्वतःच्या बोटावर मारून घेतली होती, हाड मोडलं होतं. बाहेरगावचं कुटुंब होतं, त्यांनी नगरपालिकेपर्यंत तक्रार नेली. त्या मुलाला मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत सायोरीच गेली होती. त्याचं रडणं अजून तिच्या कानात होतं. सरांनी तिला समजावलं, की हौदात कुणाला काही लागणार नाही, आणि शिवाय प्रत्येक मुलाला एक शंख नक्की सापडेल. कुणी हिरमुसून घरी जाणार नाही.

"नक्की सापडणार असेल तर मग शोधायचं काय, सर?"

तुला सांगायला धीर झाला नाही, म्हणून इतके दिवस गप्प राहिलो, एवढं मात्र सरांनी कबूल केलं. सायोरी म्हणाली, की हौदावर मी काम करीन, पगार त्याचाच घेते. पण रविवार माझा आहे आणि हातोडी माझी आहे. मग तिने वनखात्यात जाऊन स्वतःच्या नावाने परवानगी काढली आणि संध्याकाळी घरोघर फिरली. अट एकच घातली: प्रत्येक मुलाबरोबर घरातलं एक मोठं माणूस, अगदी हाताच्या अंतरावर. बऱ्याच घरांनी दारातूनच वाकून नमस्कार करून तिला वाटेला लावलं. काहींनी होय म्हटलं.

रिहोच्या आईने, फुमिएने, होयही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. खाणीतल्या कामगारांसाठी तिच्या सासऱ्याने घराला लागून बांधलेलं गावचं सार्वजनिक न्हाणीघर तिने गेल्याच वर्षी बंद केलं होतं, आणि तेव्हापासून ती कशालाच ठाम काही म्हणत नसे. पण तिसरीतली रिहो आईच्या मागून डोकं काढून म्हणाली, "आम्ही येऊ. आईला बूट मी शोधून देईन."

इकडे संग्रहालयाच्या मागच्या खोलीत ताकुमाने साचे मांडले. सायोरीचं टेबल त्याच खोलीत. तिने ठरवलं होतं, या माणसाशी कामापुरतंच बोलायचं. ते ठरवणं आठवडाभर टिकलं.

"हा जरा जास्तच सुंदर झालाय," एके दुपारी ती त्याच्या खांद्यावरून बघत म्हणाली.

"आभारी आहे."

"कौतुक नाही करत. नदी इतकी दानशूर नसते."

त्याने साचा खाली ठेवला. "मग नदीसारखा कसा करू ते सांगा."

तिने सांगितलं. फुटका करा. अर्धा करा. चेपलेला, उलटा पडलेला करा. आणि कितीतरी दगड नुसते रिकामे ठेवा. मुलं रडतील, तो म्हणाला. रडू देत, ती म्हणाली. रडून झाल्यावर पोरं पुढचा दगड उचलतात, तेच तर शिकवायचंय. बोलता बोलता ती त्याच्या अगदी जवळ आली होती. त्याच्या केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर पांढरी पूड. त्याने बोटाने तिच्या गालाकडे खूण केली.

"काय?"

"प्लास्टर लागलंय. मी पुसलं तर रागवाल?"

"हो."

"मग... आरशात बघा," तो म्हणाला आणि पुन्हा साच्यावर वाकला. सायोरी आरशाकडे गेली खरी, पण पूड पुसायला तिला उगीचच वेळ लागला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचे शंख फुटके निघू लागले. आणि त्या रविवारी तो नदीवर हजर झाला... नवे कोरे, झगझगीत पिवळे गमबूट घालून. मुलं त्याच्याभोवती जमली. रिहोने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ताई, हा तुझा कोण?"

"कुणी नाही. प्लास्टरवाला आहे."

"मग तू लाल का झालीस?"

"थंडीने."

"ऊन पडलंय," रिहो म्हणाली.

ताकुमा वाकून बुटांतला नसलेला खडा काढत राहिला. त्याचे खांदे हलत होते.

जून सरला, जुलै लागला. दर रविवारी कुणाला ना कुणाला काहीतरी सापडायचं. रिहोला मात्र काही म्हणजे काहीच नाही. ती रडत नसे, चिडत असे. दगडांना शिव्या देत असे आणि आईची नजर चुकवून एखादी लाथही घालत असे. एकदा सकाळपासून बारीक पाऊस होता. थोडीच माणसं आली होती. ताकुमा आपल्या भातगोळ्यातला अर्धा रिहोला देऊन तिच्याशेजारी बसला होता. रिहोने एक गोटा ओढून आणला, आईने तो दोन्ही हातांनी धरायला घेतला, सायोरीने आईचे हात बाजूला करून तो दोन दगडांमध्ये नीट बसवला. रिहोने चष्मा सारखा केला आणि मारलं. मग पुन्हा मारलं.

गोटा उघडला. रॉकेलसारखा एक उग्र वास आला, आणि आत... तळहाताएवढा अमोनाइट, एका बाजूने चेपलेला. पण उरलेल्या भागावरचं कवच तसंच होतं, आणि पावसाचा थेंब पडला तशी त्याच्यावरून हिरवी-लाल झळक सरकून गेली.

रिहोने बोट पुढे केलं, मागे घेतलं.

"हे इथे कुणी ठेवलं होतं?"

"कुणीच नाही," सायोरी म्हणाली.

"म्हणजे याला आधी कुणी पाहिलंच नाही?"

"कुणीच नाही. तू पहिली."

रिहोने आईकडे बघितलं. फुमिए गुडघ्यांवर बसली, चिखलातच, आणि लेकीच्या हाताखाली तिने आपला हात धरला. सायोरीने मान वळवली तर ताकुमा अमोनाइटकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि त्याला ते पुसायचंही भान नव्हतं. सायोरीच्या छातीत कुठेतरी काहीतरी टक्कन वाजलं. तिने घाईघाईने सगळ्यांना डबे उघडायला सांगितलं, खरं तर सगळ्यांचे डबे उघडेच होते.

जुलैच्या अखेरीस हौदाचं उद्घाटन झालं. नगराध्यक्ष आले, रिबन कापली, मुलांच्या हातात प्लास्टिकची फावडी दिली गेली. वाळू मऊ होती. बघता बघता प्रत्येकाला शंख मिळाला आणि बघता बघता प्रत्येकाचं खोदणं संपलं. मुलं हौदाच्या कडेला बसून आता पुढे काय, अशा नजरेने मोठ्यांकडे बघू लागली. ताकुमाने घडवलेले फुटके आणि रिकामे दगड कुठेच नव्हते. आदल्या दिवशी उमेनो सरांनी ते वेचून काढायला लावले होते.

रिहोने आपला शंख कानाशी धरला, नखाने खरवडला. "हे प्लास्टर आहे," ती मोठ्याने म्हणाली.

माणसं हसली, पण अवघडून. नगराध्यक्षांनीही हसत हसत ताकुमाला विचारलं, की काय हो, तुमची कला या छोट्या बाईंना पटलेली दिसत नाही? त्याने नुसतं वाकून वेळ मारून न्यावी, एवढीच सगळ्यांची अपेक्षा होती.

"तिचं बरोबर आहे साहेब," ताकुमा म्हणाला. "प्लास्टरच आहे. मी मन लावून बनवलंय, पण खरं बघायचं असेल तर नदी इथून चालत जाण्याएवढी जवळ आहे."

उमेनो सर सायोरीजवळ आले आणि काहीतरी बोलून सावरून घे, असं हळूच म्हणाले. सायोरी पुढे झाली. तिचा आवाज सरळ निघाला.

"उद्या रविवार. मी सकाळी पुलाखाली असेन. ज्यांना यायचंय त्यांनी घरातलं एक मोठं माणूस घेऊन यावं. पाणी गार आहे, दगड जड आहेत, आणि काही सापडेलच असं मी सांगू शकत नाही."

नगराध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. पण मुलांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली होती... आणि ती काही केल्या थांबेना.

सोमवारी सरांनी तिला बोलावलं. मार्चनंतर तिची नेमणूक पुढे चालू ठेवणं आता त्यांच्या हातात राहिलं नाही, असं ते खाली मान घालून म्हणाले. तू माफी मागितलीस तर मी एकदा बोलून बघेन, असंही म्हणाले.

"माफी कशाची मागू, सर? काल नदीवर इतकी माणसं आली, की हातोड्या पुरल्या नाहीत."

पुढच्या शनिवारी संग्रहालयाच्या मागच्या दाराशी चष्म्यांचं जुनं खोकं कुणीतरी ठेवलेलं होतं, त्यावर वापरून झाल्यावर धुऊन ठेवा, एवढंच लिहिलेलं. अक्षर सरांचं होतं.

ताकुमालाही त्याच्या कंपनीने खडसावून त्याच आठवड्यात परत बोलावलं. निघायच्या दिवशी सायोरी स्टेशनवर गेली नाही. ती पुलावर गेली, जिथून गाडी जाताना दिसते. तो तिथेच होता. गाडी सुटायला अवकाश होता.

"तुम्ही माझ्यामुळे बोलणी खाल्लीत," ती म्हणाली.

"माझ्यामुळेच खाल्ली. जन्मात एकदा खरं बोललो, त्याचं श्रेय तुम्हाला कशाला देऊ?"

खाली नदीचा आवाज होता. थांबा म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण त्या एका बोलण्यापायी ज्याची नोकरी जायची वेळ आली आहे, त्याला या बंद पडलेल्या खाणींच्या गावात थांबा तरी कुठल्या तोंडाने म्हणायचं? आणि तिने आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्याने खिशात हात घातला, काढला, पुन्हा घातला.

"इथे चांगले गोटे मिळतात," तो म्हणाला. "अधूनमधून... येईन म्हणतो."

"नदी सगळ्यांची आहे," ती म्हणाली आणि स्वतःवरच चिडली.

तो येत राहिला. सप्टेंबरात आला, पानं लाल झाली तेव्हा आला, शेंगदाण्याएवढ्या थेंबांच्या पावसात आला. दर वेळी गोट्यांचंच निमित्त. दर वेळी शेवटची गाडी पकडून जायचा, आणि दोघं दगडांबद्दल इतकं बोलायची, की एकदा रिहोने कंटाळून विचारलं, तुम्हाला दुसरं काही बोलता येतच नाही का? तोपर्यंत फुमिएने एक दिवस, कुणी न मागता, न्हाणीघराची किल्ली सायोरीच्या हातात ठेवली होती. मोठे फरशीचे हौद, भरपूर पाणी, भिंतीवर रंगवलेला समुद्र. मुलं तिथे दगड घासायला बसू लागली. दारावर रिहोने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: कुरिनाइ दगडफोडे मंडळ. नगरपालिकेतून कुणीतरी येऊन पाटीबद्दल विचारून गेलं. फुमिए म्हणाली, न्हाणीघर माझं, दार माझं, पाटी माझी. तिला इतकं ठाम बोलताना गावाने कितीतरी दिवसांनी ऐकलं.

मग बर्फ आलं. नदी दिसेनाशी झाली. एकेका रात्रीत गुडघाभर बर्फ पडायचं, आणि रविवारी मुलं यायच्या आत न्हाणीघरापुढची वाट मोकळी करायला सायोरी पहाटेपासून फावडं चालवायची. ताकुमा आता येणार नाही, हे उघड होतं. त्याला यायला काही कारणच उरलं नव्हतं. ती बर्फ उपसत होती आणि स्वतःला बजावत होती, की बरंच झालं, एवढं काय त्यात... आणि तेवढ्यात वाटेच्या टोकाला कुणीतरी कंबरेएवढ्या बर्फातून वाट काढत येताना दिसलं. अर्ध्यात रुतलं. थांबलं.

सायोरी फावड्यावर टेकून उभी राहिली. मदतीला गेली नाही. त्याचं त्याला येऊ दिलं.

"नदी बंद आहे," तो समोर आल्यावर ती म्हणाली.

"माहीत आहे."

"एक दगड दिसायचा नाही एप्रिलपर्यंत."

"तेही माहीत आहे." तो धापा टाकत होता, त्याच्या श्वासाची वाफ दोघांच्या मध्ये पसरत होती. "दगडांसाठी नाही आलो. खरं सांगायचं तर... कधीच दगडांसाठी आलो नव्हतो. निदान दुसऱ्या खेपेपासून तरी नाही."

"हे सांगायला हिवाळा उजाडावा लागला?"

"बाकी दिवसांत तुम्ही म्हणाला असतात, गोट्यांसाठी आलाय. आज म्हणू शकत नाही."

सायोरीच्या एरवी सरळ निघणाऱ्या आवाजाने नेमका आताच दगा दिला. "मार्चनंतर मला पगार नाही," ती म्हणाली. "हे गाव मी सोडणार नाही. साप्पोरोला येणार नाही. कुणी समजूत घातली तरी रविवार सोडणार नाही."

"मी सोडायला सांगितलंय?" तो म्हणाला. "कंपनीचं काम मी सोडलं. साचे ओतायला चार भिंती लागतात, त्या इथेही असतील. आणि तुमच्या पोरांना दगडातून शंख मोकळा करायला बारीक हत्यारं कुणीतरी शिकवायला हवीत. तुमचा हात जड आहे."

"माझा हात जड आहे?"

"फार. मी रोज बघतो... बघत होतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या भुवयांवर बर्फ साचलं होतं. तिने हातमोजा काढला आणि उघड्या बोटांनी ते झाडलं. आधी एका भुवईवरचं, मग दुसऱ्या. तिचा हात तिथून परत यायला तयार नव्हता. त्याने डोळे मिटले. आतून रिहोने खिडकीची काच पुसली आणि नाक काचेला लावलं, हे दोघांनाही दिसलं. दोघांपैकी कुणीही मागे सरलं नाही.

"मुलं यायची वेळ झाली," सायोरी हळूच म्हणाली, "आणि अर्धी वाट अजून बाकी आहे." तिने फावडं त्याच्या हातात दिलं. "घे."

ताकुमाने डोळे उघडले. "काय म्हणालात?"

"ऐकलंस तू," ती म्हणाली.